रेशमाचा गोंद आणि चांदीचे नॅनोकण: गटारात जाणारं प्रथिन कामाला लावता येईल का?

प्रयोगवही
रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज सविस्तर लिहिते, कारण इथे रसायनवाले, शेतीवाले, दवाखान्यातले असे सगळेच आहेत.

मागच्या दिवाळीआधी येवल्यात पैठणीचं सूत रंगवणाऱ्या एका ओळखीच्या घरी गेले होते. परसात चुलीवर मोठं पातेलं, त्यात साबण-सोड्याचं पाणी उकळत होतं आणि काका कच्च्या रेशमाच्या लडी काठीवर टांगून त्यात फिरवत होते. पाण्यात जाताना लड ताठ आणि खरखरीत होती, हाताला टोचत होती. बाहेर आली, धुतली, पिळली, आणि तीच लड बोटांमधून निसटायला लागली. पातेल्यात उरलं गढूळ, पिवळसर, फेसाळ पाणी. ते गटारात गेलं. मी विचारलं, "काका, यात काय गेलं?" ते म्हणाले, "गोंद गेला. किलोला पाव किलो घट धरायचीच."

हा गोंद म्हणजे सेरिसिन. रेशमाची अळी कोष विणते तेव्हा दोन प्रथिनं सोडते. आतला तंतू फायब्रॉइनचा, आणि त्याला चिकटवून ठेवणारा बाहेरचा लेप सेरिसिनचा. कोषाच्या वजनात सेरिसिन साधारण २० ते ३० टक्के असतं. रेशमाला चमक आणि मऊपणा यायचा तर ते काढावंच लागतं. म्हणजे जिथे जिथे रेशीम पक्कं होतं, तिथे तिथे चांगलं प्रथिन पाण्याबरोबर वाहून जातं आणि ते पाणी नाल्यात जाऊन कुजतं.

माझ्या डोक्यात त्या पातेल्यापाशीच चांदी आली. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते करायची नेहमीची पद्धत अशी: सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घ्यायचं, त्यातल्या चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन धातू करणारं एखादं क्षपणक घालायचं, बहुतेक वेळा सोडियम बोरोहायड्राइड, आणि कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून वरून आणखी एक रसायन. प्रथिन ही दोन्ही कामं एकटं करतं. इलेक्ट्रॉनही देतं आणि कण जन्मला की त्याला गुंडाळूनही घेतं. तेही पाण्यात, साध्या तापमानाला.

कण किती लहान ते सांगते. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणात चांदीचे साधारण ३० हजार अणू असतात. एक ग्रॅम चांदीचे असे कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ५७ चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटची फरशी. या पृष्ठभागावरून चांदीचे आयन हळूहळू सुटतात. ते जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला पकडतात, पटल सैल करतात, श्वसनाची साखळी बंद पाडतात.

प्रथिनांच्या बाबतीत मला सगळ्यात भावलेलं काम लायसोझाइमचं आहे. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात, आपल्या अश्रूंत, लाळेत असलेलं हे एन्झाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली त्याची ओळख करून दिली होती. जिवाणूच्या भिंतीतले साखरेचे दुवे ते कापतं. २००९ साली अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या मॅथ्यू एबी, ग्लेन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लायसोझाइम आणि सिल्व्हर ॲसिटेट एकत्र करून उजेडात ठेवलं, दुसरं कुठलंही क्षपणक घातलं नाही, तरी चांदीचे कण तयार होतात. आणि कणाभोवती गुंडाळलेलं लायसोझाइम त्यानंतरही भिंत कापण्याचं काम करत राहतं. म्हणजे आतल्या चांदीने मारायचं आणि वेष्टणाने कापायचं.

सेरिसिन असं कापत नाही, ते एन्झाइम नाही. पण क्षपण आणि वेष्टण ते नक्की करतं. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये सेरिसिनचं वेष्टण असलेले चांदीचे कण करून जंतूंवर तपासले होते, पीएच ११ ला, म्हणजे चांगल्याच अल्कधर्मी पाण्यात.

आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थिनींबरोबर हे करून बघितलं. पहिले तीन प्रयत्न पूर्ण फसले, चौथ्याला खिडकीतल्या बीकरमध्ये पाण्याचा रंग दुपारपर्यंत फिकट पिवळा, मग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा झाला. त्याबद्दल खाली लिहीनच. मला तुमच्याकडून हवंय ते असं: या पद्धतीला आपण "पर्यावरणपूरक" म्हणतो ते खरोखर कितपत खरं आहे, आणि येवल्यातलं ते पाणी वापरण्याजोगं करायचं तर काय करावं लागेल?

काठपदर
रविवार, दुपारी १२.३०

ताई, आमच्या घरात तिसरी पिढी मागावर आहे, म्हणून वाचून भरून आलं. लडी उकळायचं काम आम्ही लहानपणापासून बघतोय. साबण, धुण्याचा सोडा, आणि पाणी बोअरचं. बोअरच्या पाण्याचा फेस लवकर येत नाही म्हणून साबण जास्त लागतो. एकाच पाण्यातून लडी काढतात, पाणी फारच जड झालं की मग बदलतात. त्या पाण्यात गोंद असणारच, पण साबण आणि सोडाही तितकाच असणार. तुमच्या चांदीला तो चालतो का?

प्रयोगवही
रविवार, दुपारी १.०५

दादा, नाही चालत, आणि आमचा पहिला प्रयत्न तिथेच फसला. काकांनी दिलेली बाटली गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं, तर त्याच क्षणी दूध फाटल्यासारखा पांढरट-पिवळट साका खाली बसला. साबणाच्या आम्लांनी आणि सोड्याच्या कार्बोनेटने चांदी आधीच पकडली, प्रथिनापर्यंत पोचलीच नाही.

एमएस्सी दुसरं वर्ष
रविवार, दुपारी ३.४०

मॅडम, त्या दोघींपैकी मी एक. दुसऱ्या प्रयत्नाचं मीच लिहिते, कारण चूक माझी होती आणि दुसऱ्या कुणाची होऊ नये असं वाटतं.

आम्ही बाजारातून कोष आणले, कापून साध्या पाण्यात उकळले. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं म्हणून मी नळाचं पाणी वापरलं. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पाणी दुधाळ झालं आणि उन्हात ठेवल्यावर तासाभरात जांभळट-राखाडी झालं. मला इतका आनंद झाला! लेझर पॉइंटर मारून बघितला तर किरण स्वच्छ दिसत होता, म्हणजे कण आहेत. मी वहीत "नॅनोकण तयार" असं लिहूनही टाकलं.

मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं की आता कोषाचा अर्क न घालता नुसतं नळाचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट घे. तेही दुधाळ झालं, तेही उन्हात जांभळट झालं. ते सिल्व्हर क्लोराइड होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्षार, बाकी काही नाही. उजेडात ते काळवंडतं, जुन्या फोटोच्या कागदासारखं. लेझरचा किरण कुठल्याही गढूळ पाण्यात दिसतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी चार बाटल्या लावते: नुसतं प्रथिन, नुसती चांदी, दोन्ही उजेडात, आणि दोन्ही ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून अंधारात.

रसायनी
रविवार, रात्री ९.२०

चार बाटल्यांबद्दल मनापासून कौतुक. नियंत्रण बाटली न लावता "हरित संश्लेषण" केल्याचे कितीतरी लेख मी परीक्षक म्हणून परत पाठवले आहेत. मी पुण्यात औद्योगिक रसायनशास्त्रात काम करतो, थोडं विस्ताराने लिहितो.

आधी आपल्या घरातली गोष्ट. जैविक पद्धतीने नॅनोकण करण्याचं जगभर नाव झालेलं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं आहे. मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम बुरशीच्या आत सोन्या-चांदीचे कण तयार होताना दाखवले. २००३ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम घेतली, ती चांदीचे कण पेशीच्या बाहेर, पाण्यातच करते. हे फार महत्त्वाचं होतं, कारण पेशी फोडून कण काढायचा त्रास वाचला. ते कण ५ ते १५ नॅनोमीटरचे होते आणि त्यांना टिकवून धरणारी होती बुरशीने पाण्यात सोडलेली प्रथिनं. २००४ मध्ये त्यांनीच गवती चहाच्या पानांच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी पत्रे केले. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशी आणि चांदी यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तेव्हा ताई, तुम्ही ज्या वाटेवर आहात ती या मातीत बरीच मळलेली आहे.

आता प्रथिन इलेक्ट्रॉन देतं म्हणजे नेमकं कोण देतं? प्रथिन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं, आणि सेरिसिनमध्ये त्यांपैकी सगळ्यात जास्त असतं सेरिन, जवळजवळ एक तृतीयांश. पण सेरिनचा हायड्रॉक्सिल गट या कामात फारसा उपयोगी नाही. खरा देणारा टायरोसिन, दुसरं एक अमिनो आम्ल. त्याच्या अंगावर फिनॉल आहे. पीएच १० च्या वर गेलं की फिनॉलचा प्रोटॉन सुटतो आणि मग तो इलेक्ट्रॉन द्यायला तयार होतो. म्हणून बँकॉकवाल्यांनी पीएच ११ घेतला. तुमच्या खिडकीतल्या बाटलीत ते काम उजेडाने केलं. अंधारातली बाटली फिकी राहिली असेल तर समजा की उजेडच लागतो.

पण इथे सापळा आहे. कॉस्टिक सोडा घालून पीएच वाढवताना आधी प्रथिन आणि चांदी नीट मिसळू द्या, मग थेंब थेंब सोडा. उलट केलंत तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका पडेल, आणि तपकिरी रंग बघून पुन्हा "नॅनोकण तयार" असं लिहिलं जाईल. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कुठल्या रंगाचा उजेड किती शोषतं ते मोजणारं यंत्र, असेल तर त्याच्या आलेखात ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास एक गोल टेकाड दिसायला हवं. ते टेकाड चांदीच्या कणातल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्र हिंदकळण्याचं आहे. साक्याला ते नसतं.

आणि आता माझा आक्षेप. तुम्ही ज्याचं कौतुक केलंत त्या २००९ च्या लायसोझाइमच्या कामात कण पाण्यात नाही, मिथेनॉलमध्ये केले होते, नंतर पाण्यात आणले. सारांशात मात्र "पर्यावरणस्नेही". काम उत्तम आहे, मी ते मानतो. पण मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्याचा हिशेब कोण करणार? प्रथिन कोंबडीचं आहे म्हणून अख्खी प्रक्रिया हिरवी होत नाही. मोजायचं ते सगळं: द्रावक, उष्णता, धुवायला लागलेलं पाणी, आणि शेवटी उरलेली चांदी.

प्रयोगवही
रविवार, रात्री १०.५०

सर, मिथेनॉलची गोष्ट मी वाचली होती आणि इथे लिहिताना गाळली. गाळायला नको होती. अंधारातली बाटली दोन दिवसांनीही जवळजवळ पाण्यासारखीच होती, म्हणजे उजेडाचं तुमचं म्हणणं आमच्या खिडकीत बसतं.

फसलेला तिसरा प्रयत्नही सांगून टाकते. डिस्टिल्ड पाण्यात कोषाचे तुकडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, घातले, १५ पौंड दाबावर, तासभर. साबण नाही, सोडा नाही. सुंदर, किंचित पिवळं, पारदर्शक द्रावण मिळालं. शनिवारी फ्रीजमध्ये ठेवून घरी गेलो. सोमवारी बाटली उलटी केली तर आतलं हललंच नाही, सगळ्याची जेली झाली होती. सेरिसिन दाट असेल आणि थंड झालं की गोठतं हे तेव्हा कळलं. चौथ्या वेळी पातळ केलं, लगेच वापरलं, आणि जमलं.

जमलं हे कशावरून, तर टेकाड ४२० च्या जवळ आलं. दुसरी एक साधी चाचणी मला फार आवडते. प्रथिनाऐवजी सायट्रेट या साध्या रसायनाने केलेले चांदीचे कण आणि आमचे कण शेजारी ठेवून दोघांत मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले. सायट्रेटचे कण डोळ्यांदेखत राखाडी होऊन बसले. आमची बाटली मधाच्या रंगाचीच राहिली. जखमेत मीठ असतंच. वेष्टण किती घट्ट आहे ते तिथे कळतं.

तुतीचा मळा
सोमवार, सकाळी ७.१०

आमची दोन एकर तुती आहे, जालना जिल्ह्यात. मॅडम, तुम्ही चांगले कोष कापून टाकता हे वाचून जीव हळहळला! त्याची गरज नाही. आमच्याकडे प्रत्येक पिकात डागी कोष, पोचट कोष, दोन अळ्यांनी मिळून केलेले जोडकोष निघतात. त्यांना बाजारात भाव नाही, बाजूला काढावे लागतात. अंडीपुंज केंद्रात पतंग बाहेर पडल्यावर उरलेले फुटके कोषही असतात, त्यांचा सलग धागा निघत नाही. गोंद त्यांच्यातही तेवढाच असणार ना?

दुसरं विचारतो. शेडमध्ये जिवाणूंचा रोग येतो, फ्लॅचरी, अळ्या मऊ पडून काळ्या होतात. हे चांदीचं पाणी पानांवर मारलं तर?

प्रयोगवही
सोमवार, सकाळी ८.००

दादा, डागी कोषांची कल्पना सोन्यासारखी आहे. गोंद असणारच, फक्त आतली मेलेली अळी काढून कवच स्वच्छ पुसून घ्यावं लागेल, नाहीतर अळीचंच प्रथिन मिसळेल.

पानांवर मात्र अजिबात मारू नका. चांदीला चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू कळत नाही, आणि अळी ती चांदी पोटात घेईल. चुना, ब्लीचिंग पावडर, शेड रिकामी असताना निर्जंतुकीकरण, जे तुम्हाला शिकवलं आहे तेच ठेवा.

वॉर्ड सिस्टर
सोमवार, दुपारी २.४५

मी अनेक वर्षं भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम केलं. चांदी आमच्या हातातली रोजची गोष्ट आहे. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम १९६८ पासून जगभर आहे, त्याच्याआधी अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या भिजवलेल्या पट्ट्या असायच्या. माझ्या गुरू असलेल्या सिस्टर सांगायच्या की त्या पट्ट्यांनी चादरी, फरशी, परिचारिकांची बोटं, सगळं काळं व्हायचं.

म्हणून दोन गोष्टी मनापासून सांगते.

पहिली. चांदीला जंतू सरावत नाहीत असं लोक सर्रास बोलतात. ते चूक आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात असा साल्मोनेला सापडला की ज्याला चांदीचंही काही वाटेना आणि अनेक प्रतिजैविकांचंही. दोन्ही प्रतिकार एकाच प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या कड्यावर, बसलेले होते. याचा अर्थ तुम्ही चांदी उगाच वापरली तर प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही त्याच्याबरोबर निवडले जातात. भाजलेल्या लेकरासाठी ठेवायची वस्तू मोज्यांत आणि डब्यांत घालू नये, असं मला वाटतं.

दुसरी. तुमच्या धाग्याचा अर्धा भाग वाचून कुणी तरी घरी चांदीचं पाणी करून प्यायला लागेल. कृपा करून करू नका. चांदी अंगात साठते आणि त्वचा कायमची निळसर-राखाडी होते. ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगितलं की विनाचिठ्ठी विकली जाणारी कोलॉइडल चांदीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत.

रसायनी
सोमवार, सायंकाळी ६.३०

सिस्टर, तुम्ही सांगितलेला प्लास्मिड पीएमजी१०१, आणि योगायोगाने तोच लायसोझाइमच्या कामात पुन्हा येतो. एबी आणि सहकाऱ्यांनी तो प्लास्मिड घातलेला ई. कोलाय आणि चांदीला सरावलेला प्रोटियस मिराबिलिस मुद्दाम घेतला होता. लायसोझाइम-चांदीचे कण त्या दोघांवरही चालले. नुसत्या चांदीला जे सरावले होते त्यांना दुसऱ्या बाजूने कापणारा साथीदार भेटला. मला तरी प्रथिन वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. स्वस्ताई, हिरवेपणा, हे नंतर.

आणि प्रथिनात गुंडाळलेली चांदी ही नवी गोष्टही नाही. नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायची पद्धत कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सुरू केली. जन्मताना आईकडून परम्याचा संसर्ग होऊन बाळं आंधळी व्हायची, ते थांबलं. पण नायट्रेट डोळ्याला झोंबतं, चरचरतं. १९०२ साली फिलाडेल्फियात अल्बर्ट बार्न्स आणि हर्मन हिले यांनी प्रथिनात बांधलेली चांदी "आर्जिरॉल" नावाने बाजारात आणली. प्रथिनाने चांदी धरून ठेवली आणि हळूहळू सोडली, म्हणून ती डोळ्याला सौम्य वाटली. त्या पैशातून बार्न्स यांनी सेझान, मातिस, रेन्वार यांची चित्रं घेतली, तो संग्रह आजही फिलाडेल्फियात आहे. तेव्हा कुणी नॅनो हा शब्द उच्चारला नव्हता, पण "हळूहळू सोडणं" हे मर्म त्यांच्या हाती आलं होतं.

एमएस्सी दुसरं वर्ष
सोमवार, रात्री ८.१५

सर, एक शंका. आम्ही प्लेटवर विहीर पाडून नॅनोकणांचं द्रावण घातलं, एस. ऑरियस आणि ई. कोलाय या दोन्ही जिवाणूंवर छान झोन आला, म्हणजे विहिरीभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ. पण मॅडम म्हणतात की त्या झोनवर अजून विश्वास ठेवू नको.

रसायनी
सोमवार, रात्री ९.००

मॅडम बरोबर आहेत. तुमच्या बाटलीत कण न झालेली, मोकळी चांदी उरलेली असणार. अगारमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीतून, आयन पटकन पसरतात, प्रथिनात गुंडाळलेला कण जेमतेम सरकतो. तेव्हा तो झोन कणांचा की उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा हे प्लेट सांगू शकत नाही. आधी मोकळी चांदी काढून टाका, डायलिसिसच्या पिशवीत किंवा जोरात सेंट्रिफ्यूज करून. मग ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पातळ द्रावणात, पातळ करत करत किती प्रमाणाला वाढ थांबते ते बघा. शेजारी तेवढीच चांदी असलेलं नायट्रेट ठेवा. एक ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदी ०.६३५ ग्रॅमच असते, तो हिशेब विसरू नका.

एक धक्का आधीच पचवून ठेवा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पेड्रो अल्व्हारेझ यांच्या गटाने चांदीचे कण ऑक्सिजन नसलेल्या हवेत तपासले, जिथे त्यांच्यातून आयन सुटू शकत नाहीत. कणांनी जिवाणूंना जवळपास काहीच केलं नाही. मारतो तो आयन. कण ही त्या आयनाची कोठी. म्हणून कोठीचं दार किती उघडं ठेवायचं हे ठरवणारं प्रथिन महत्त्वाचं.

गाळ आणि पाणी
मंगळवार, सकाळी ११.२०

मी महापालिकेच्या सांडपाणी प्रक्रियेत काम करतो, म्हणून माझी नजर नळीच्या दुसऱ्या टोकाला असते.

सेरिसिन पाण्यातून काढून घेतलंत तर आमच्यासारख्यांवर उपकार आहेत. रेशीम उकळल्याचं पाणी नाल्यात गेलं की त्यातलं प्रथिन कुजवायला जिवाणू पाण्यातला सगळा ऑक्सिजन खातात. बीओडी, म्हणजे घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, बेसुमार वाढतो. पण त्याच्या बदल्यात चांदी नाल्यात येणार असेल तर सौदा तोट्याचा आहे. विरघळलेली चांदी माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना अगदी कमी प्रमाणातही विषारी असते. प्रक्रिया केंद्रात पोचली तर तिचं बरंचसं सल्फाइड होऊन गाळात बसतं आणि विखार कमी होतो, हे खरं. पण येवल्याच्या गल्लीतलं पाणी प्रक्रिया केंद्रात पोचतं का, हा प्रश्न आधी विचारा.

२००८ साली ॲरिझोनात ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी चांदीचे नॅनोकण घातलेले बाजारातले मोजे नुसत्या पाण्यात धुऊन बघितले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. ग्राहकाने पैसे मोजले, जंतू मेले नाहीत, आणि चांदी नदीत.

तुमच्या प्रयोगशाळेसाठी आज करण्यासारखं: चांदी असलेलं एकही पाणी सिंकमध्ये ओतू नका. एक गडद रंगाची बरणी ठेवा, त्यात सगळं धुण्याचं पाणी जमवा, खाण्याचं मीठ टाका. मोकळी चांदी क्लोराइड होऊन तळाला बसेल, वरचं पाणी काढून साका साठवा. प्रथिनात गुंडाळलेले कण मिठाला दाद देणार नाहीत, तुम्हीच दाखवलंत, म्हणून त्यांची बाटली वेगळी ठेवून आटवा. बरणी भरली की चांदी परत मिळवता येते.

प्रयोगवही
बुधवार, रात्री ९.४०

तीन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. माझं मत या धाग्यावरच बदललं, ते प्रामाणिकपणे लिहिते.

सुरुवातीला माझ्या डोळ्यांसमोर बाटली होती, फवारायचं द्रावण. आता ते नको. फवारलेली चांदी परत गोळा करता येत नाही. सिस्टरांचं आणि सांडपाणीवाल्या दादांचं म्हणणं एकत्र केलं तर चांदी जिथे हवी तिथेच बसून राहायला हवी, आणि काम झालं की उचलून घेता यायला हवी. आणि नेमकं याच्यासाठी लागणारी गोष्ट आमच्या फ्रीजमध्ये आपोआप झाली होती, जिला आम्ही फसलेला प्रयोग म्हणून ओतून दिलं. सेरिसिनची जेली! कण करायचे पातळ द्रावणात, नंतर त्यात दाट सेरिसिन मिसळून गोठवायचं. मग चांदी त्या जेलीतच अडकून राहील. जखमेवरच्या पट्टीच्या दृष्टीने पुढे बघता येईल. अर्थात ते आमच्या पातळीचं काम नव्हे, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या ज्यांचं काम आहे त्यांनीच कराव्यात. आम्ही एवढंच मोजू शकतो की जेली पाण्यात ठेवली तर रोज किती चांदी बाहेर येते. त्या मोजणीसाठी जवळच्या विद्यापीठातलं यंत्र वापरायची परवानगी मागितली आहे.

पीएच ११ ऐवजी खिडकीतलं ऊनच वापरणार आहे. वेळ जास्त लागतो, पण कॉस्टिक लागत नाही आणि नंतर ते उदासीन करायलाही काही लागत नाही. पावसाळ्यात काय करायचं ते बघू.

काठपदर
बुधवार, रात्री १०.१०

ताई, तुमच्या वतीने काकांशी बोललो. साबण न घालता लड पक्की होते यावर त्यांचा विश्वास नाही. पण एक म्हणाले, जुनी माणसं साबणात टाकायच्या आधी लडी नुसत्या कढत पाण्यात भिजत घालायची, साबण कमी लागावा म्हणून. ते पाणीही चिकट होतं. आता घाई असते म्हणून ती पायरी कुणी करत नाही. ती परत सुरू केली तर साबणाआधीचं पाणी तुम्हाला वेगळं मिळेल, आणि आमचा साबणही वाचेल. पाणी बोअरचंच असेल, तेवढं बघा.

रसायनी
बुधवार, रात्री १०.३०

हे फार छान झालं. कढत पाण्यात सगळा गोंद निघणार नाही, बाहेरचा थरच निघेल, पण तोच सहज विरघळणारा भाग असतो. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड मात्र काढावेच लागतील. डायलिसिसला पाणी फार लागतं. त्यापेक्षा सेरिसिन थोड्या अल्कोहोलने साक्यासारखं पाडून घ्या, गाळा, मग डिस्टिल्ड पाण्यात परत विरघळवा. अल्कोहोल ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतं. किंवा काकांना पहिल्या पाण्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी चालेल का विचारा. त्यात क्लोराइड अगदी कमी असतात.

काठपदर
बुधवार, रात्री १०.४५

पावसाचं पाणी! आमच्या जुन्या वाड्यात पन्हाळीखाली हौद आहे, अजून भरतो. रंगासाठी आजोबा तेच पाणी वापरायचे, म्हणायचे बोअरच्या पाण्यात लाल रंग खुलत नाही.

प्रयोगवही
रविवार, दुपारी ४.२०

काल जाऊन आले. काकांनी हौदाचं पाणी चांगलं कढवलं, त्यात दोन लडी तासभर भिजवल्या आणि मग नेहमीच्या पातेल्यात टाकल्या. म्हणाले, साबण खरंच कमी लागला. पहिलं पाणी त्यांनी स्टीलच्या कळशीत भरून दिलं. फेस नाही, किंचित पिवळं, बोटांना चिकटतं.

येताना बसमध्ये कळशी मांडीवर धरून बसले होते. आल्याबरोबर गाळलं आणि थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एकच थेंब टाकून बघितला. अगदी पुसट धुरकट झालं, साका पडला नाही. आज सकाळी आठला चार बाटल्या खिडकीत लावल्या, एक कागदात गुंडाळून. आत्ता उजेडातली बाटली फिकट पिवळी आहे, उद्या सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घेतो. बरणीत मीठ टाकून ठेवलं आहे.